हळवं आणि गरवं

नारळी पौर्णिमेला चार दिवस होते. शहापूरच्या पेठेत चिखल झालेला, आणि मी भावांसाठी राख्या घ्यायला छत्री सांभाळत नेहमीच्या दुकानाच्या पायरीवर उभी. पुढच्या पत्र्याखाली राख्यांचे पुठ्ठे लटकत होते. त्यांना खेटून पंधरा ऑगस्टचे कागदी झेंडे. आत मखराच्या कमानी, खोट्या मोत्यांच्या माळा, कापडी कमळं. आणि या सगळ्याच्या मागं, छताच्या वाशाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक आकाशकंदील. केशरी, झालर हिरवी. पिशवीच्या तळाशी पावसाच्या दमटपणानं थेंब धरले होते.

"शेठ, कंदील? अजून गौरी यायच्यात."

"माल आला की टांगायचा, बाई. खाली ठेवला तर उंदीर खातो, वर ठेवला तर गिऱ्हाईक बघतं."

या उत्तराला तोड नव्हती. २०२५ची ही गोष्ट. दिवाळीला अडीच महिने होते. बाहेर श्रावणसर कोसळत होती, सगळीकडं हिरवं आणि ओलं, आणि त्या दुकानाच्या एका वाशावर आश्विन येऊन बसला होता. मी राख्या घेतल्या, पण घरी जाईपर्यंत तो कंदील डोक्यातून उतरला नाही.

त्याच रात्री भाचीचा फोन आला. ती न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिची सकाळ आणि आपली रात्र अशी आमची गाठ पडते. मी कंदिलाचं सांगितलं तशी ती हसत सुटली. म्हणाली, "मावशी, तुझं काहीच नाही. आमच्याकडं हॅलोविन आला दुकानात." तिनं फोन फिरवून आदल्या दिवशीचे फोटो दाखवले. प्लॅस्टिकचे भोपळे, दात विचकणारे. पुरुषभर उंचीचे सांगाडे. आणि चॉकलेटं-गोळ्यांच्या पोत्याएवढ्या पिशव्या. सण ३१ ऑक्टोबरचा, आणि तिथं अजून पोरांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्याही संपल्या नव्हत्या. "आत्ताच घेऊन ठेवलीस का गोळ्या?" मी विचारलं. "घेतल्या होत्या गेल्या वर्षी," ती म्हणाली, "सप्टेंबरात आम्हीच संपवल्या. मग परत आणल्या."

एकच सण दोनदा विकला गेला होता. यात दुकानदाराचं गणित किती आणि आपली जीभ किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तिच्याकडून त्या सणाची थोडी माहिती ऐकली आणि मला तो फार परका वाटेना. मेलेली माणसं त्या रात्री परत येतात, ही जुनी समजूत. आयर्लंडात सलगम कोरून त्यात निखारा ठेवत. अमेरिकेत गेलेल्यांना तिथं भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून दिवा भोपळ्यात गेला. आपल्याकडंही पितरांचा आणि भोपळ्याचा जुना घरोबा आहे. पितृपक्षात पानात लाल भोपळ्याची भाजी लागतेच. आमच्या माहेरी आख्ख्या भोपळ्याला पहिला सुरा बाईनं लावायचा नाही, अशी रीत. वडील शेतावरून येईपर्यंत भोपळा चुलीशी बसून राही आणि आई चिडचिडत इतर भाज्या चिरून घेई. आपल्या गोष्टीतला भोपळाही काही कमी नाही. वाघाला चुकवणारी म्हातारी त्याच्याच पोटात बसून लेकीच्या घरून परत येते. त्यांनी भोपळ्यात दिवा ठेवला, आपण म्हातारी.

फरक पडतो तो बाजाराचा. तिकडं भुतांच्या सणाला बाजार गरम. आपल्याकडं पितरांचा पंधरवडा म्हणजे बाजार थंड, कारण त्या दिवसांत कुणी नवं काही घेत नाही. शेठला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणूनच तर बाई, पितृपक्षात माझे हात मोकळे असतात. बाकीचे कंदील तेव्हाच वर चढतात." म्हणजे आपले पूर्वज घरोघरी जेवायला येतात, तेव्हा शहापूरच्या पेठेत त्यांना दिवाळी दिसत असणार. त्यांनाही वाटत असेल, आपण यंदा उशिरा आलो की काय!

*

खरं तर सण स्वतःच थोडे उतावळे असतात. २०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला बसले, पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरला, आणि २०२५ साली तर २७ ऑगस्टलाच. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकराएक दिवसांची तूट पडते आणि सण तेवढा अलीकडं सरकतो. असंच चालू दिलं असतं तर कधीतरी दिवाळी आंब्याच्या दिवसांत आली असती. हिजरी सनात ही भरपाई नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. आपल्या पंचांगानं मात्र साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून सणांना परत मागं ढकलायची सोय केली. धोंड्याचा महिना. जावयाला अनारसे, आणि सणांना लगाम. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणून गणपती पुन्हा १४ सप्टेंबरला.

मला या हिशेबाचं फार कौतुक वाटतं. कुणीतरी बसून विचार केला की सणाला पळू द्यावं, पण पिकाच्या पुढं जाऊ देऊ नये. भाद्रपदात भात पोटरीत असावं आणि दिवाळीत नवा तांदूळ घरात असावा. दुकानांच्या पंचांगात मात्र अधिक मास नाही. तिथला सण पुढं सरकतो तो सरकतोच.

याचा दोष दुकानदाराच्या माथी मारायला मन घेत नाही. करणाऱ्याला सण नेहमी आधीच करावा लागतो. पेण-हमरापूरला विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत पुढल्या गणपतींची माती भिजते. तिथल्या कारागिराच्या घरात वर्षभर गणपतीच असतात, रंग न दिलेले, डोळे न उघडलेले. कंदील करणारे भर उन्हाळ्यात कंदिलाच्या काड्या बांधतात. सण एका दिवसाचा असतो तो घेणाऱ्यासाठी.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, सासर शहापूरचं. सापगावजवळ भातसेचा पूल ओलांडला की माझं मन माहेरी पोचलेलं असतं, एसटी मागून येते. लहानपणी आमच्या वर्षातला मोठा बाजार म्हणजे म्हसाची जत्रा. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, बैलांचा बाजार नावाजलेला, आणि घोंगड्यांचाही. गोडाची दुकानं ओळीनं लागत. गुळाची शेव, रेवड्या, जिलेबी. त्या शेवेचा वास घोंगडीच्या लोकरीच्या वासात मिसळून जो काही तयार होई, तो मला अजून कुठल्याही मिठाईच्या दुकानात मिळालेला नाही. वर्षातून एकदाच मिळायची म्हणून ती शेव गोड, असं म्हणायची आता रीत आहे. खरं सांगायचं तर ती वर्षातून एकदा मिळायची कारण वर्षातून एकदाच पैसे असायचे. जत्रा पौषात, म्हणजे भात झोडून झालेलं, थोडं विकलेलं, वडिलांच्या बंडीच्या आतल्या खिशात नोटा. तिथी देवाची खरी, पण सोय भाताची.

आणि आम्ही कुठलीच गोष्ट वेळेवर घेत नव्हतो. घोंगडी जत्रेत घ्यायची, म्हणजे निम्मी थंडी जुन्या वाकळेत काढून झाल्यावर. शिमग्याला दुकानात साखरेच्या गाठी येत. लाकडी साच्यात दोरा घालून वर पाक ओततात, थंड झाला की पदकांची माळ निघते. पांढऱ्या, गुलाबी, कधी पिवळ्या. शेजारची पोरं होळीच्या दिवशीच त्या गळ्यात घालून मिरवत. आमची आई पाडवा उलटला की जायची, भाव उतरल्यावर. तोवर गाठींना ओल लागून पदकं एकमेकांना चिकटलेली असत. आम्ही ती दातांनी सोडवायचो. सण संपल्यावर आठ दिवस आमच्या घरात सण चालू असे.

म्हणून मला आता वाटतं, सण लवकर आला की उशिरा, हे तिथीवर नाही, खिशावर ठरतं.

*

वडिलांची तीन तुकड्यांत जमीन होती. वरचा तुकडा उथळ, मुरमाड, त्यात ते हळवं भात लावत. मधल्यात निमगरवं. आणि नदीकडच्या खोल, चिकण खाचरात गरवं. लवकर होणारं, मधलं आणि उशिरा होणारं, असे हे तीन भात. हळवं तीन-साडेतीन महिन्यांत कापणीला येतं, दसऱ्याच्या आगेमागे. गरवं साडेचार महिने घेतं, ते दिवाळीनंतर कापायचं. पुढं शेजारच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या जाती आल्या, कर्जत-१८४ हे हळवं आमच्याकडंही लागलं, पण शब्द तेच राहिले.

लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, सगळीकडं हळवंच का नाही लावत? लवकर भात, लवकर खायला. ते म्हणाले, "वरच्या तुकड्याला पाणी धरवत नाही, पोरी. पाऊस गेला की चार दिवसांत जमीन कोरडी. तिला थांबायची ऐपत नाही, म्हणून हळवं." गरवं दाण्यानं भरतं, खंडीला खंडी उतरतं. हळवं कमी उतरतं, पण श्रावण-भाद्रपदात कणगीचा तळ दिसायला लागला की जीव अडकतो तो त्याच्यातच.

हळवं हा शब्द मी तेव्हा मनाच्या बाबतीतही ऐकला होता. आत्या फार हळवी, असं आई म्हणे. मला वाटायचं दोन्ही एकच. ज्याला फार काळ धरून ठेवता येत नाही ते हळवं. हळव्या माणसाचे डोळे लवकर भरतात, हळव्या भाताचा दाणा.

लवकर येणं दोन प्रकारचं असतं, हे मला बापाच्या त्या तीन तुकड्यांनी शिकवलं. एक ऐपतीचं. माल भरून ठेवता येतो, अडीच महिने पैसे अडकवून ठेवता येतात, म्हणून कंदील श्रावणात. दुसरं नाइलाजाचं. थांबवत नाही, म्हणून लवकर.

नोकरीत मला दुसरं रोज दिसलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवायची, पटावर निम्मी पोरं कातकरी वाडीवरची. दिवाळीची सुट्टी लागताना जेवढी मुलं असत, तेवढी सुट्टी संपल्यावर नसत. आईबाप वीटभट्टीवर गेलेले, पोरं बरोबर. पडघ्याकडं, भिवंडीकडं, कल्याणच्या पलीकडं. परत येत ती थेट पावसाच्या तोंडाशी. दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून आम्ही शिक्षण हमी कार्डं भरून देत असू. काही पोरं ती दाखवून तिथल्या शाळेत बसत, काहींची कार्डं पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या घडीखाली तशीच परत येत.

पण त्यांची निघायची वेळ दिवाळीत ठरत नसे. ती ठरे पावसात. भाताची लावणी संपली, मजुरी संपली, घरात दाणा नाही, अशा दिवसांत भट्टीवाल्या शेठचा माणूस वाडीवर येई. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न राहिलेलं, कुणाला नुसतं दोन महिने खायला. तो पैसे देई. त्याला उचल म्हणतात. पैसे आधी, काम नंतर. मग सहा महिने विटा पाडायच्या, हजारी दरानं, आठवड्याला भाजी-मिठापुरती खर्ची घ्यायची, आणि शेवटी हिशेबाला बसायचं. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ सालचा. तरीही कुठल्या हिशेबात काय उरेल आणि कुणावर काय निघेल, हे वाडीवर कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

चौथीतली एक मुलगी एका गणेशोत्सवात नवा फ्रॉक घालून आली. पिवळा, बाहीला चमकी. वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. मी म्हटलं, "अगं, दिवाळीचा कपडा आत्ताच?" ती आनंदानं म्हणाली, "उचल आली, बाई." मी तिच्या गालाला हात लावला आणि फळ्याकडं वळले. हजेरीपत्रकात पुढच्या पानांवर तिच्या नावापुढं काय लागणार, ते मला त्या क्षणी दिसलं. तिची दिवाळी भाद्रपदात आली होती. पण ज्या दिवसांच्या बदल्यात ती आली, ते कार्तिकापासून वैशाखापर्यंतचे दिवस आधीच खर्ची पडले होते.

*

त्या वर्षी, २०२५ला, पाऊसही लवकर आला. मुंबईत मोसमी पाऊस पोचायची नेहमीची तारीख ११ जून. तो पोचला २६ मे रोजी. इतक्या लवकर तो आल्याची हवामान खात्याच्या दप्तरात नोंद नव्हती. पहिल्यांदा आम्हाला बरं वाटलं. उकाडा गेला. आमच्याकडं शेवळं येतात ती पावसाच्या पहिल्या ओलीबरोबर, तपकिरी, भाल्याच्या टोकासारखी. नीट शिजवली नाहीत तर घशाला खाजतात, म्हणून काकडाच्या आंबट फळांबरोबर करायची. त्यांची टोपली मे सरायच्या आत दारात आली. मला कौतुक वाटलं. टोपली घेऊन आलेल्या बाईला ते वाटलं नाही. ती म्हणाली, "शेवळी आली बाई, पन भट्ट्या गेल्या."

कच्ची वीट उन्हात वाळते. भट्टीत जाईपर्यंत ती नुसती माती असते, विटेच्या आकाराची. मे महिन्यातल्या त्या पावसानं ओळीच्या ओळी पुन्हा चिखल झाल्या. हजारी दर भाजलेल्या, मोजलेल्या विटेचा. चिखलाला दर नाही. माणसं वाडीवर लवकर परत आली, उचल अर्धीमुर्धी अंगावर घेऊन. ती पुढल्या हंगामात फेडायची. इकडं शेतातही राब भाजून धूळपेरणी करायची ती राहून गेली, रोपांची घडी विस्कटली. आणि लवकर आलेला पाऊस लवकर जाईल म्हणावं, तर तेही नाही. ऑक्टोबर संपत आला तरी तो कापून टाकलेल्या भातावर पडत होता. हळव्याला गाठलं, गरव्यालाही गाठलं.

या सगळ्यातून तो कंदील मात्र आपल्या वाशावर लटकत होता.

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी पेठेत गेले. दुकान आता कंदिलांनी भरलेलं. श्रावणातला तो ओळखू आला. पिशवी फाटली होती. रस्त्याकडची बाजू उडून फिकट, जवळजवळ पांढरी पडली होती. भिंतीकडची अजून केशरी. त्याच्यावर अडीच महिन्यांची दिवाळी होऊन गेली होती. खाली पायरीशी एक कातकरी म्हातारी कारिटं घेऊन बसली होती, तिची नात शेजारी. पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडायचं ते कारीट. नरकासुर म्हणून फोडायचं, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा. हिरवी, पांढऱ्या रेघांची, काही देठाशी पिवळी होऊ लागलेली. बाजारात ती दोन दिवस दिसतात, वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्यांना कुणी विचारत नाही.

"आजी, ही जरा आधी आणली असती तर जास्त खपली नसती का?" मी उगाच विचारलं.

ती माझ्याकडं, वर्गात मठ्ठ पोराकडं बघतात तसं बघत म्हणाली, "आदी कशी आनू, बाई? येलीला नव्हती."

मी पाच घेतली. तिची नात मान वर करून कंदील बघत होती. मी विचारलं, भट्टीवर कधी जाणार. "भाऊबीज झाली का. औंदा मागचंबी हाय, लौकर बोलावलंय." मग नातीच्या नजरेच्या दिशेनं हनुवटी उडवून म्हणाली, "त्यो निघताना घेऊ. तवा शेठ कमी लावतो."

मला आईच्या गाठी आठवल्या. चिकटलेल्या, दातांनी सोडवायच्या.

देवदिवाळीच्या दिवशी मी कल्याणला निघाले होते. पडघ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला भट्टीची तयारी चालली होती. पेंढ्याच्या आणि निळ्या प्लॅस्टिकच्या झोपड्या, ओल्या मातीचे ढीग, साचे. पहिल्या विटा ओळीनं वाळत घातलेल्या. एका झोपडीच्या दाराच्या मेढीला एक कंदील बांधलेला होता. तोच होता असं मी म्हणणार नाही. अशा माळावर एक कंदील दुसऱ्यासारखाच दिसतो. पण त्याची पांढरी पडलेली बाजू त्यांनी झोपडीकडं केली होती आणि केशरी रस्त्याकडं. आत दिवा नव्हता. तारच आलेली नव्हती तिथवर. सकाळचं ऊन त्याच्यातून आरपार येत होतं, आणि खाली वाळत घातलेल्या विटांवर त्याचा एक फिकट केशरी चौकोन पडला होता.